पंचनाम्यानंतर

रहस्यकथा लिहिणाऱ्याला 'तुम्ही हेच का लिहिता?' असे हटकून विचारले जाते. भावकवीला असे कोणी विचारीत नाही. प्रश्नात किंचित कीव असते आणि उत्तरही गृहीत धरलेले असते: पोटासाठी. ते अगदीच खोटे नव्हे. इंग्रजी कवी सेसिल डे-लुइस यांनी घराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवेत म्हणून निकोलस ब्लेक हे टोपणनाव घेतले आणि १९३५ साली पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध केली. १९६८ साली ते राजकवी झाले. त्याही वर्षी ब्लेक यांची कादंबरी निघालीच. एका घराला छपरे तरी किती असणार! आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. केवळ पोटासाठी माणूस इतके लिहीत नाही.

मला पी. डी. जेम्स अधिक जवळच्या वाटतात. पती दुसऱ्या महायुद्धातून परतले ते मानसिक आजार घेऊन. पदरी दोन मुली, इस्पितळाच्या कारभारातील नोकरी. कामावर जाण्यापूर्वी पहाटे उठून त्या लिहीत. पहिली कादंबरी १९६२ साली आली तेव्हा चाळिशी उलटली होती. जेथे काहीच पूर्ववत होण्यासारखे नव्हते, त्या घरातील स्त्रीने, विस्कटलेल्याचा निदान उलगडा तरी होतो असा वाङ्मयप्रकार निवडावा, याचा मला अचंबा वाटत नाही.

माझ्या आजोळी आळीची सामाईक विहीर होती. मी आठ वर्षांचा असेन. शेजारच्या घरातील नवी सून एका सकाळी त्या विहिरीत सापडली. 'पाय घसरला' हे दोन शब्द पंचनाम्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी विहीर उपसून झाली. तिच्या वहाणा काठापासून चार पावलांवर, जोडीने, नीट ठेवलेल्या होत्या. आम्हां मुलांना त्या दिसल्या होत्या. मोठ्यांना दिसल्या नसतील असे नाही. आम्हांला कोणी काही विचारले नाही. तिचे माहेरचे नाव मला आजतागायत कळलेले नाही.

रहस्यकथेत हे चालत नाही. पहिल्या प्रकरणात मेलेल्या माणसाबद्दल पुढची दोनशे पाने प्रश्न विचारले जातात: शेवटचे बोलणे कोणाशी झाले, रात्री जेवण झाले होते का, कडी आतून होती की बाहेरून. मोलकरणीची साक्ष मालकाच्या साक्षीइतकीच तोलून घेतली जाते, मुलांनाही विचारतात. सामाजिक कादंबरीने त्या सुनेसाठी अश्रू ढाळले असते आणि रूढीला दोषी धरले असते. रूढीला बेड्या घालता येत नाहीत. रहस्यकथेला माणूस हवा असतो, नावानिशी. लेखकाला या प्रकाराकडे ओढणारी गोष्ट, माझ्या समजुतीप्रमाणे, ही आहे. कोडे हे निमित्त. अर्थात पुष्कळ रहस्यकथांत प्रेत ही निव्वळ मांडणीची सोय असते, आणि ते मेल्याचे दुःख लेखकासकट कोणालाच नसते. त्या वाचून मी विसरतो.

शरदिंदु बंद्योपाध्यायांचा व्योमकेश १९३२ पासून बंगालीत वावरतो आहे. 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणे त्याला रुचत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. क्वचित तो अपराध्याला पोलिसांच्या हवालीही करीत नाही. पण तसे ठरवण्याआधी कोणी, कसे, केव्हा, यांतला एकही प्रश्न त्याने सोडलेला नसतो.