खुली जवारी

"येऊलालो, सर."

2008 च्या जूनमध्ये मिरजेच्या शाळेत, नववीच्या वर्गात, मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच. सरांनी फळ्याजवळ बोलावलं होतं. आमच्या उदगीरकडे ‘येतोय’ असं कुणी म्हणत नाही, ‘येऊलालो’ म्हणतात. आजी तसंच म्हणायची, आई आजही म्हणते. अख्खा वर्ग हसला. मधली सुट्टी होईपर्यंत माझं नाव ‘लालो’ पडलं होतं. पुढे ‘कामून’ निसटलं, त्याचंही तेच झालं. वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही या गावात आलो होतो आणि गावात माझ्या ओळखीचं असं एकही माणूस नव्हतं. दिवाळीपर्यंत मी वर्गात बोलणं सोडून दिलं. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर वहीत बघायचं. घरी सांगायची सोय नव्हती. आई स्वतःच नव्या गावात बावरलेली होती.

आमच्या भाड्याच्या खोल्यांना लागून चाचांचं घर. भिंत एकच. पुढच्या बाजूला त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, तिच्यात आढ्याला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या फळ्या, आणि भुसा, सरस, चपड्याच्या पॉलिशचा वास. चाचा तंबोरे करायचे. वय साठीच्या पुढे, मुलगा सौदीत, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. शाळेतून आलो की मी ओट्यावर बसून त्यांचं काम बघायचो. बरेच दिवस ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मग एकदा त्यांनी आतूनच हाक मारली, "ए पोरा, रिकामा हाईस का? ही दांडी धर जरा."

धरली. तासभर धरून उभा राहिलो. जाताना म्हणाले, "उद्या ये."

त्यांच्यामुळे मला कळलं की तंबोऱ्याचा भोपळा हा खायचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो आणि वेलावर पुरता वाळल्यावरच कामाचा होतो. आधी तो पाण्यात भिजत घालायचा, मग कापून आतला गर आणि बिया काढायच्या, आणि आत काड्यांचा टेका देऊन पुन्हा वाळवायचा, म्हणजे त्याचा आकार राहतो. चाचा भोपळ्याला कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक करायचे. मला दोन भोपळे द्यायचे आणि विचारायचे, "यातला कुठला?" सुरुवातीला मला दोन्ही सारखेच वाटायचे. पावसाळ्यानंतर फरक कळायला लागला. ज्या दिवशी मी बरोबर सांगितलं त्या दिवशी त्यांनी फक्त "हौ" म्हटलं आणि भोपळा कामाला घेतला. शाळेतल्या कुठल्याच गुणांनी मला तेवढा आनंद दिलेला नाही.

ते सांगत, आपण मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारी माणसं. हत्यारांची कामं संपली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांत हात घातला, तिथून मिरजेत सतारमेकरांची गल्ली उभी राहिली. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव मात्र ते कानाच्या पाळीला हात लावल्याशिवाय घेत नसत. 1937 साली पाँडिचेरीच्या वाटेवर खाँसाहेबांना बरं वाटेनासं झालं, सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर तंबोरा जुळवायला लावला आणि गातगातच गेले, हे चाचांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. उरुसात ते मला दर्ग्यात घेऊन गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यातच खाँसाहेबांना दफन केलं आहे, आणि उरुसात तिथे रात्र-रात्र गाणं चालतं. मी गायकाकडे बघत होतो. चाचांनी माझी हनुवटी धरून मान मागे वळवली. "मागं बघ. तंबोरा ऐक."

मी बोलायला लागलो तो जवारीमुळे. जवारी म्हणजे घोडीचं, ज्या पट्टीवरून तारा जातात तिचं, घासकाम. घोडी दिसायला सपाट असते, पण तिला केसाएवढा उतार द्यावा लागतो. तार त्या उतारावर हलकी घासत राहिली की एका सुरातून दहा सूर निघतात. चाचा कानसेचे दोन हात मारायचे, तार छेडायचे, ऐकायचे, पुन्हा एक हात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचे. तार टणटण वाजत असते, धागा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे जातो आणि एकाएकी आवाज फुलतो. मला ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा अंगावर काटा आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कामून असं होतं?"

मी लगेच ओठ मिटले. चाचांनी वर पाहिलं.

"कामून म्हणजे का?"

"हो."

"चांगला शब्द हाय." मग ते कानस पुसत म्हणाले, "जवारी दोन तऱ्हेची. बंद आणि खुली. तुझी बंद बसवली हाय कुणीतरी."

त्या संध्याकाळी मी त्यांना शाळेतलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही काही म्हटलं नाही आणि उपदेशही केला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून हाक आली, "येऊलालास का रे?" ती थट्टा नव्हती. ते शब्द त्यांनी नीट जपून उच्चारले होते, एखाद्याचं वाद्य हातात घ्यावं तसे.

2009 च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून पेटलं आणि संचारबंदी लागली. मी दहावीत होतो. रमजानचा महिना चालू होता, चाचांचे रोजे होते. वडिलांनी दाराला आतून कडी घातली आणि मला खिडकीशीही उभं राहू दिलं नाही. रस्त्यावर पोलिसांच्या गाडीशिवाय आवाज नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री, पहाटे, सहरीच्या सुमाराला मला जाग आली. भिंतीतून तंबोरा ऐकू येत होता, अगदी दाबून, बाहेर गल्लीत जाऊ नये इतका हळू. मी भिंतीला कान लावला. गिलावा गार होता आणि त्यातून खर्ज माझ्या गालाच्या हाडात उतरत होता. मी बोटाच्या पेरानं भिंतीवर दोनदा टकटक केलं. तंबोरा थांबला. मग पलीकडून दोनदा टकटक आली आणि पुन्हा तारा सुरू झाल्या. बंदी उठेपर्यंत रोज पहाटे हे चाललं. आईला कळलं होतं. ती काही बोलली नाही.

यानंतर मी जे केलं ते लिहिणं मला जड जातं. शाळा सुरू झाल्यावर वर्गातला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "हा त्यांच्यात असतो." एवढंच. आणि मी गप्प बसलो. नंतर आठ दिवस मी कारखान्याकडे फिरकलो नाही. शाळेतून येताना मागच्या बोळानं यायचो. पहाटेचा तंबोरा थांबला होता. मी झोपेत नसायचो, तरी भिंतीला हात लावला नाही. नव्या जागेत, नव्या शाळेत मला आपलं म्हणणारं ते एकच माणूस होतं आणि मी त्याच्या दारासमोरून जाणं टाळत होतो.

नवव्या दिवशी गेलो. ते घोडीवर वाकले होते. डोळ्यांना चष्मा, नाकावर भुशाची धूळ. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कामून आला नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. मी रडत होतो. त्यांनी कानस माझ्या हातात दिली. "दोन हात मार. जास्त नक्को."

दहावीनंतर आम्ही मिरज सोडली. मी पुण्यात नोकरीला लागलो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी वाचून मी चाचांना फोन लावला. आता त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. जवारी लावताना ते डावा कान भोपळ्याला टेकवतात आणि हनुवटी वरच्या लाकडी तबलीवर ठेवून सूर हाडातून घेतात. बाकीचं काम नातू करतो.

"कागद आला ते बरं झालं," ते म्हणाले. "पण भोपळा कुठनं आणायचा? पूर्वीसारखा मिळंना झालाय. जाड सालीचा तर बघायला नाही."

मग बराच वेळ भोपळ्यांचंच चाललं. नातवानं धागा जरा जास्तच पुढं सरकवला होता, ते त्यांनी सांगितलं. फोन ठेवता ठेवता ते थांबले.

"कधी येऊलालास?"

"शनिवारी," मी म्हणालो. "येऊलालो, चाचा."