दोन हृदयांची नोंद

रायपूर शहराला लागून असलेले उरला हे कारखान्यांचे ठाणे आहे. तिथे लोखंड वितळते, साच्यात ओतले जाते आणि निवल्यावर साच्याने दिलेला आकार घेऊन बाहेर पडते. या धुरकट परिसरातल्या छत्तीसगढी घरांत गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात सधौरी होते. माहेरची माणसे तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ करून आणतात आणि गर्भिणीची ‘साध’, म्हणजे इच्छा, पुरवतात. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेल्या मराठी कुटुंबांत यालाच डोहाळजेवण म्हणतात. नावे निरनिराळी असली तरी समजूत एकच आहे: या दिवसांतली स्त्रीची इच्छा तिची एकटीची नसते.

या समजुतीचे मूळ फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची वाढ महिन्यामहिन्याने सांगितली आहे. पहिल्या महिन्यात कलल, दुसऱ्यात घट्ट झालेला गोळा, तिसऱ्यात हात, पाय आणि मस्तक यांचे पाच अंकुर, आणि चौथ्यात हृदय व्यक्त होते. हृदय हे चेतनेचे स्थान. म्हणून चौथ्या महिन्यापासून गर्भाला इच्छा होऊ लागतात आणि दोन हृदये वागवणारी माता ‘दौहृदिनी’ होते. संस्कृतातला ‘दोहद’ आणि मराठीतले ‘डोहाळे’ याच कुळातले शब्द. याच ग्रंथात गर्भाचे कोणते अंग आधी घडते यावर ऋषींचा वाद आहे. शौनक मस्तक म्हणतो, कृतवीर्य हृदय म्हणतो, मार्कंडेय हातपाय म्हणतो. धन्वंतरीचे मत असे की सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात. कोवळ्या आंब्यात गर, कोय आणि केसर असतातच, पण सूक्ष्म असल्याने ती दिसत नाहीत. हा सारा तर्क आईच्या उदराबाहेर बसून केलेला आहे आणि त्यात आईची आठवण कोठेही सुटलेली नाही.

हे ज्ञान अमेरिकेच्या वैद्यकीय पदवीपरीक्षेपुढे मांडण्याचे काम एका मराठी स्त्रीने केले. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसच जगला होता. ते दुःख त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या मुळाशी होते. पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच १८८७ साली अमेरिकेत फ्रँकलिन मॉल या तरुण शरीरशास्त्रज्ञाच्या संग्रहातला पहिला मानवी भ्रूण त्याच्या हाती आला. मॉलचे गुरू, लाइपत्सिगचे विल्हेल्म हिस, यांनी १८८० ते १८८५ या काळात मानवी भ्रूणांचे पातळ छेद घेऊन, त्यांची चित्रे काढून गर्भविकासाचा क्रम लावला होता. मॉलने डॉक्टरांना पत्रे लिहून गर्भपातांतून व शस्त्रक्रियांतून मिळणारे भ्रूण मागवले. १९१४ साली बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेचा भ्रूणशास्त्र विभाग सुरू झाला आणि संग्रह वाढत हजारांच्या घरात गेला. छेदांवरून मेणाचे थर कापून, ते एकावर एक रचून, तांदळाच्या दाण्याहून लहान जिवाच्या मोठ्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. मॉलनंतर जॉर्ज स्ट्रीटर यांनी भ्रूणांची प्रतवारी लांबी किंवा वय एवढ्यावरच न करता अंतर्बाह्य घडणीवरून केली. पुढे रोनन ओराहिली आणि फाबिओला म्यूलर यांनी १९८७ मध्ये ती पूर्णत्वास नेली. फलनापासून साधारण छप्पन्न दिवसांचे तेवीस टप्पे ठरले: दहाव्या टप्प्याच्या सुमारास हृदय स्पंदू लागते, बाराव्यात हाताचे अंकुर दिसू लागतात, तेविसाव्यात मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. ऋषींच्या वादाला हे काचपट्ट्यांवरचे उत्तर मिळाले.

या संग्रहात प्रत्येक भ्रूणाला क्रमांक आहे. तेराव्या टप्प्यातला, सुमारे चार मिलिमीटर लांबीचा ८३६ क्रमांकाचा भ्रूण जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्या स्त्रियांच्या उदरातून हे भ्रूण आले त्यांतल्या बहुतेकींना मात्र आपले काय जतन झाले हे कळलेही नाही. नंतर बॉस्टनजवळ जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षे, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होणार असलेल्या स्त्रियांच्या सहकार्याने काम केले आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांतले चौतीस भ्रूण मिळवले. जपानमध्ये हिदेओ निशिमुरा यांनी १९६१ साली सुरू केलेल्या क्योतोच्या संग्रहात चव्वेचाळीस हजारांहून अधिक नमुने जमले. त्यांतले बहुसंख्य कायदेशीर गर्भपातांतून आलेले होते. मानवी जन्माचा पहिला अध्याय या अपुऱ्या राहिलेल्या जन्मांतून वाचला गेला.

या वाचनाचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. १९६१ च्या सुमारास थॅलिडोमाइडचे अरिष्ट उघड झाले तेव्हा, औषध कोणत्या दिवसांत घेतले म्हणजे हातपाय खुंटतात, हे या कालक्रमामुळे समजू शकले. मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका फलनानंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकल्याला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. पुष्कळ जणींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले की असे व्यंग असलेले मूल आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास ते पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे बहात्तर टक्क्यांनी घटतो. डोहाळे लागण्याच्या कितीतरी आधी आईची काळजी सुरू व्हायला हवी, हे त्या काचपट्ट्यांचे सांगणे आहे.

लोखंडाला साचा बाहेरून मिळतो आणि काम झाल्यावर तो बाजूला ठेवता येतो. गर्भाचे तसे नाही. तो आपला आकार आतून उलगडतो, पण त्यासाठी लागणारे रक्त, ऊब आणि अवधी एका स्त्रीचे असतात. संग्रहांनी आकार जपला आणि त्या स्त्रीला नोंदवहीच्या बाहेर ठेवले. उरल्यातल्या एखाद्या बाईला उद्या योग्य वेळी फॉलिक आम्लाची गोळी मिळेल, तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचलेले ज्ञान परदेशातल्या अनाम स्त्रियांच्या हानीतून आलेले असेल. ते ऋण नावानिशी फेडण्याचा मार्ग उरलेला नाही. सातव्या महिन्यात तिच्यापुढे ताट मांडले जाते आणि तिला काय हवे हे विचारले जाते. तिथे मात्र दोन्ही हृदयांची नोंद अजून होते.