डावी-उजवी

वडिलांचा ‘आग्फा क्लिक थ्री’ माळ्यावर सापडला. बडोद्याला तयार झालेला हा साधासुधा कॅमेरा. एका रिळावर १२ चौकोनी चित्रे. पाठीमागच्या तांबड्या खिडकीत ९ हा आकडा दिसत होता. म्हणजे वडिलांची निदान ८ चित्रे आत होती, कधीच न धुतलेली!

चाळिशी उलटल्यावर मी फिल्म धुवायला शिकलो. डी-७६ आणले, पाणी २० अंशांवर निववले. या फिल्मला तांबडा दिवाही चालत नाही, म्हणून न्हाणीघराच्या दाराला गोधडी लावली. नव्या २ रिळांवर हात बसवला; शेजारचे मांजर तर सुरेख उमटले.

मग वडिलांचे रीळ घेतले. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे हायपो. क्रम चुकला तर हायपो चांदीचे सारे क्षार विरघळवून टाकतो. वर्गात वाक्यातला क्रम शिकवणाऱ्याला हे काय सांगायला हवे! पण मिट्ट काळोखात बसताना मी पलीकडच्या बाजूने बसलो.

दिवा लावला. फिल्म काचेसारखी स्वच्छ. कडेचे आकडेसुद्धा नाहीत.

आई रोज विचारते, “यांनी काढलेले फोटो आले का रे?”

मी सांगतो, हायपो संपलाय.