तात्पर्याच्या पुढे

जातककथा म्हणजे मुलांच्या बोधकथा, ही माझी समजूत कित्येक वर्षं पक्की होती. माकडाच्या काळजावर डोळा ठेवणारी मगर, माशांना फसवून खाणारा बगळा आणि त्याची मान तोडणारा खेकडा. गोष्ट संपली की एका ओळीचं तात्पर्य: लबाडाचं शेवटी वाटोळंच होतं. मुलांना मी त्या तशाच सांगत असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते बदललं छद्दंत जातकामुळे.

छद्दंत हा हिमालयातल्या हत्तींचा राजा. त्यानं फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली, तेव्हा एका राणीच्या अंगावर फुलं पडली आणि दुसरीच्या, चुल्लसुभद्देच्या, अंगावर वाळक्या काटक्या नि तांबड्या मुंग्या. वारा कुठून येत होता, एवढाच काय तो फरक. पण तो सल तिनं पुढच्या जन्मात नेला. काशीच्या राजाची राणी होऊन तिनं सोणुत्तर नावाच्या शिकाऱ्याला छद्दंताचे सुळे आणायला धाडलं. विषारी बाण लागलेला हत्ती शिकाऱ्याला मारणार, तोच त्याला शिकाऱ्याचं काषाय वस्त्र दिसलं आणि तो थांबला. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा त्यानं करवत सोंडेत धरून स्वतःच ते कापून दिले. सुळे समोर आले आणि राणीचं काळीज फुटलं; त्याच दिवशी ती गेली. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे.

क्षमेचा धडा इथे पुरा होतो. पण पाली जातकात गोष्ट सुरू होते श्रावस्तीच्या जेतवनात. तिथे बुद्धांचा उपदेश ऐकणाऱ्या एका तरुण भिक्षुणीला आठवतं, की पूर्वजन्मी आपण यांची पत्नी होतो. ती हर्षानं हसते. मग आठवतं, की यांना आपणच मारवलं, आणि ती भर सभेत रडू लागते. त्या रडण्याचं कारण म्हणून बुद्ध ही कथा सांगतात आणि शेवटी समोधान, म्हणजे कथेतल्या पात्रांची आजच्या माणसांशी जोडणी, करतात: ती राणी म्हणजे ही भिक्षुणी, तो हत्ती म्हणजे मी. पुढे ती अर्हत्पदाला पोचते.

मला हलवलं ते या जोडणीनं. तात्पर्य ऐकताना आपण नेहमी हत्तीच्या बाजूला उभे असतो. राणी कुणीतरी दुसरीच असते. समोधान तिला श्रोत्यांतच बसलेली दाखवतं, आणि तिलाही पुढची वाट मोकळी ठेवतं. बुद्धांचा विरोधक देवदत्त मात्र कथेमागून कथेत खलच राहतो, हे मला अजून खटकतं. तरी ज्या संग्रहात त्याला सुटका नाही, त्याच संग्रहात या भिक्षुणीला ती मिळते.

म्हणून आता मुलांना गोष्ट सांगून झाल्यावर मी तात्पर्य विचारत नाही. यातलं कोण आपल्यात आहे, हे विचारते. चांगलं वागण्याचं बक्षीस दाखवण्यापेक्षा आपल्या हातून काय घडू शकतं ते ओळखायला शिकवणं, हीच जातकांची खरी नीती आहे असं मला वाटतं, आणि ती मोठ्यांना अधिक लागते.