गारोनकांठचा पाव

तुलूझ हें शहर फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदीच्या कांठीं वसलेलें आहे. तेथील जुन्या इमारती बहुतेक भाजलेल्या विटांच्या असून सायंकाळच्या उन्हांत त्या विटांवर जो रंग चढतो त्यावरून लोक त्या शहरास 'गुलाबी नगरी' म्हणतात. विमानें बांधण्याचा मोठा कारखाना तेथें असल्यामुळें आपल्याकडील कांहीं तरुण अभियंते तेथें जाऊन राहिले आहेत. आमचे चिरंजीव त्यांपैकींच एक. गेल्या हिवाळ्यांत तीन महिने त्यांच्या बिऱ्हाडीं राहण्याचा योग आला. शहराचीं वर्णनें इतरत्र पुष्कळ सांपडतील. मला येथें लिहावयाचें आहे तें तेथील पावाविषयीं, आणि विशेषतः तो घरीं यंत्राच्या साह्यानें कसा करितात याविषयीं.

परंतु पावाच्या आधीं पीठ. गारोनच्या पात्रांत बाझाक्ल म्हणून एक उथळ जागा आहे. बाराव्या शतकापासून तेथें पाणचक्क्या होत्या. त्या चक्क्यांच्या मालकीचे हिस्से गांवांतील नागरिक विकत घेत व विकीत, आणि १३७२ सालीं तर या हिस्सेदारांनीं रीतसर मंडळीच स्थापिली. भागभांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांचा हा एक अत्यंत जुना पूर्वज मानितात. म्हणजे आज मुंबईच्या शेअरबाजारांत ज्या व्यवहारानें माणसें एका दिवसांत श्रीमंत किंवा दरिद्री होतात, त्याचें एक मूळ पिठाच्या गिरणींत आहे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें वीज उत्पन्न होऊं लागली व ती आजहि होते. ज्या पाण्यानें दळलें त्याच पाण्यानें आतां मळणारें यंत्र फिरावें, हा विचार मला मोठा गमतीचा वाटला; आमच्या यंत्रापर्यंत त्यांतली किती वीज पोंचत होती तें देव जाणे. शहराच्या पूर्वेस लोरागे नांवाचा गव्हाचा मुलूख आहे. तेथील गहूं दूरवर जाई तो मिदीच्या कालव्यानें. हा कालवा पिएर-पोल रिके यानें १६६६ सालीं आरंभिला. १६८१ सालीं तो पुरा झाला, पण पाहावयास रिके राहिला नाहीं; आदल्याच वर्षीं तो वारला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक पावाची भट्टी होती. फ्रान्समध्यें भट्टीच्या दुकानास 'बूलांजेरी' म्हणतात, व ही पाटी वाटेल त्यानें लावावयाची नाहीं. १९९८ च्या कायद्याप्रमाणें पीठ मळणें, आकार देणें व भाजणें हें सर्व विक्रेता स्वतः करीत असेल तरच तें नांव त्याच्या दुकानास शोभतें. त्याच्याहि पूर्वीं, १९९३ सालीं, 'परंपरागत फ्रेंच पाव' कशास म्हणावें हें सरकारनें आज्ञापत्र काढून ठरविलें. गव्हाचें पीठ, पाणी, मीठ व आंबवण, एवढींच मुख्य द्रव्यें. बाकल्याचें पीठ शेंकडा दोनपर्यंत चालेल. परंतु पीठ गोठवून ठेवावयाचें नाहीं आणि टिकण्यासाठीं कोणतेंहि रसायन घालावयाचें नाहीं. हें वाचतांना मला आपल्या निबंधग्रंथांतील द्रव्यशुद्धीचीं प्रकरणें आठवलीं. इतका बारीक विचार अन्नाच्या बाबतींत आपणच करितों असा आपला समज असतो.

नेहमींचा पाव म्हणजे 'बागेत'. वजन सुमारें २५० ग्रॅम, लांबी ५५ ते ६५ सेंटिमीटर, आणि किंमत एका युरोच्या अलीकडेपलीकडे. सकाळीं व सायंकाळीं माणसें कांखेंत हा दंड मारून घरीं चालतात आणि वाटेंतच त्याचें टोंक मोडून तोंडांत टाकितात. रस्त्यानें चालतां चालतां खाऊं नये असें मुलांना जन्मभर शिकविलेल्या माणसास हें पाहणें प्रथम जड गेलें, पण भट्टींतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वास आला म्हणजे शिस्तीचा आग्रह थोडा सैल पडतो. बागेत करण्याच्या विद्येस २०२२ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतलें. तेथेंहि अन्नाचे आचार आहेतच. पाव टेबलावर उताणा ठेवावयाचा नाहीं. कारण असें सांगतात कीं, पूर्वीं भट्टीवाला मांगाचा, म्हणजे सरकारी फांशीवाल्याचा, पाव तसा उलटा करून बाजूस ठेवीत असे. जुनीं माणसें पाव कापण्यापूर्वीं सुरीनें त्यावर क्रुसाची खूण करीत. आपल्याकडे जेवणापूर्वीं चित्राहुति घालितात त्याच जातीची ही गोष्ट.

आतां यंत्र घरांत कां आलें तें सांगितलें पाहिजे. माझ्या थोरल्या बंधूंच्या पश्चात् आमच्या वहिनी याच चिरंजीवांकडे असतात. लहानपणीं त्यांनींच त्यास वाढविलें. वय अठ्याहत्तर. बाहेरचा पाव त्या खात नाहींत. त्यामुळें सगळें घर रात्रीं एकत्र बसलें तरी त्यांच्या पानांत वेगळी पोळी, आणि ती त्यांनीं दुपारीं एकटीनें लाटलेली. नातवंडांस पाव प्रिय, सूनबाईस नोकरीवरून येतांना दोन पाव आणणें सोयीचें. कोणी कोणास कांहीं बोलत नसे, परंतु एका टेबलावर दोन चुली झाल्या होत्या. चिरंजीवांनीं १९९३ च्या आज्ञापत्राचा अर्थ त्यांना समजावून सांगितला. त्या सर्व ऐकून मला म्हणाल्या, "भाऊजी, कायद्यानें पिठाची खात्री दिली; पत्र्याची कोण देतो? त्याच पत्र्यावर डुकराचें मांस घातलेलीं वडगीं भाजलेलीं मीं डोळ्यांनीं पाहिलीं." यावर उत्तर नव्हतें, कारण गोष्ट खरी होती.

शिवाय वहिनींचें माहेर वसईचें. पोर्तुगीजांनीं विहिरींत पाव टाकिले आणि तें पाणी प्यालेलें सगळें गांव बाटलें, ही कथा तिकडे आजीच्या मांडीवर ऐकावयास मिळते. ती कथा कितपत खरी हा प्रश्न वेगळा. 'पाव' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडूनच आला, आणि गोव्यांत पोदेर सायकलीवर भोंगा वाजवीत तो दारोदार अजून विकतात. आपल्या समाजांत हा पदार्थ नुसता पदार्थ कधींच नव्हता. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस मंडळींत प्रवेश करावयाचा तर ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खावा लागे, व हीच जातिभेद सोडल्याची खूण समजत. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहा-बिस्किटांचें प्रकरण तर सर्वश्रुतच आहे. रानडे-टिळकांसारख्यांनाहि त्यापायीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. अशा परंपरेंत वाढलेल्या बाईस 'आतां तें सगळें गेलें' असें म्हणून टाकणें सोपें आहे. मला तें उद्धटपणाचें वाटतें. सूनबाईनें वाद केला नाहीं. तिनें यंत्र आणलें.

हें यंत्र मूळ जपानचें. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनींत तें करावयास घेतलें तेव्हां पाव वरून करपे व आंत कच्चा राही. मग इकुको तनाका नांवाच्या त्यांच्या एका बाईनें ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य भटाऱ्याकडे शिष्यत्व पत्करिलें. तो पीठ नुसतें ताणीत नसून ताणतांना पिळतो, हें त्याला स्वतःला सांगतां येत नव्हतें. तिनें तें पाहून पाहून हेरिलें. तें वळण यंत्रांत आणावयास अभियंत्यांनीं भांड्याच्या आंतील बाजूस उभ्या कडा बसविल्या, आणि १९८७ सालीं यंत्र बाजारांत आलें. गुरूच्या घरीं राहून विद्या घेण्याची आपली पद्धत टाकाऊ ठरविणाऱ्यांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

यंत्रावर 'फ्रेंच पाव' अशी एक कळ असते. ती दाबिली असतां यंत्रागणिक साडेतीन ते सहा तासांत पाव तयार होतो. चवीस तो वाईट नसतो, परंतु त्यास फ्रेंच म्हणणें कठीण. आकार डब्याचा, साल जाड व मऊ, आणि बुडाशीं मळणाऱ्या पात्याचें भोंक. "याचा कान टोंचला आहे," असें वहिनी म्हणाल्या. कारण उघड आहे. फ्रेंच पावाचें सर्वस्व त्याच्या पातळ, कुरकुरीत कवचांत आहे, व तें अतिशय तापलेल्या भट्टींत वाफ कोंडल्याशिवाय येत नाहीं. थंड पिठावर वाफेचें पाणी होऊन साल कांहीं मिनिटें मऊ राहते, तेवढ्यांत आंतला वायु पावास फुगवितो, वरील पिष्टाची खळ होऊन तकाकी येते; मग वाफ सोडून दिली कीं साल वाळून तांबूस होते. या तांबूस होण्याचें रसायन १९१२ सालीं मेयार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानेंच प्रथम वर्णिलें.

म्हणून यंत्राकडून फक्त मळून घ्यावें, आणि तेंहि बेतानें. रेमों काल्व्हेल (१९१३–२००५) हे फ्रान्सचे पाकशाळेंतील मोठे आचार्य. यंत्रानें फार मळलें कीं पीठ पांढरें फटक होतें व चव जाते, हें त्यांनीं आपल्या देशबांधवांस परोपरीनें सांगितलें. त्यांचाच उपाय असा कीं पीठ व पाणी नुसतें कालवून अर्धा तास स्वस्थ ठेवावें. तेवढ्या वेळांत तें आपण होऊन लवचिक होतें व मळणें थोडक्यांत आटोपतें. आमच्याकडील प्रमाण असें: पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, कोरडें यीस्ट ३ ग्रॅम. पिठाच्या पुडीवर ६५ हा आंकडा पाहून घ्यावा. हा आंकडा राखेचा आहे! शंभर ग्रॅम पीठ जाळलें असतां सुमारें ०.६५ ग्रॅम राख उरते असा त्याचा अर्थ. कोंडा जितका अधिक तितका आंकडा मोठा. पीठ-पाणी यंत्रांत तीन-चार मिनिटें फिरवून यंत्र बंद करावें, अर्ध्या तासानें मीठ व यीस्ट घालून आठ-दहा मिनिटें फिरूं द्यावें, आणि गोळा तेलाचा हात लावलेल्या भांड्यांत काढून रात्रभर शीतपेटींत ठेवावा.

सकाळचें काम वहिनींचें. भाकरी थापणाऱ्या हातास येथें एक गोष्ट विसरावी लागते, ती म्हणजे जोर. गोळ्यांतील वायु दडपूं न देतां त्याच्या दोन-तीन वळकट्या करावयाच्या. घरची भट्टी लहान, म्हणून लांबी वीतभराहून थोडी अधिक, फार तर ३५ सेंटिमीटर. तासभर त्या कापडाच्या चुण्यांत झांकून फुगूं द्याव्या. भट्टी २४० अंशांवर पत्र्यासकट तापवावी, खालच्या थाळींत उकळतें पाणी ओतावें, पावावर पात्यानें तिरप्या चिरा द्याव्या व वीस-पंचवीस मिनिटें भाजावें. पहिल्या दहा मिनिटांनंतर पाण्याची थाळी काढून घ्यावी. बाहेर काढल्यावर पाव निवतांना बारीक तडतडतो. तेथील भट्टीवाले म्हणतात कीं, पाव गातो. वहिनी कान लावून ऐकत असत, आणि आवाज आला नाहीं तर पुन्हां पांच मिनिटें आंत ठेवावयास सांगत.

पहिल्या दिवशीं त्यांनीं तो मेतकूट-तुपाशीं खाल्ला. नातवंडांनीं आमटींत बुडविला. भट्टीवाल्याच्या पावाची सर त्यास येत नाहीं हें चिरंजीवांनीं स्पष्ट सांगितलें, व तें खरें आहे. दगडी तळाची भट्टी व पिढ्यांचा हात हीं विकत मिळत नाहींत. परंतु त्या रात्रीं पोळी लाटली गेली नाहीं.

गल्लींतील भट्टी सोमवारीं बंद असते, म्हणून घरच्या पावाचा वार सोमवार ठरला. रविवारीं सायंकाळीं यंत्र मळतें. सोमवारीं एकादशी आली तर गोळा आणखी एक दिवस शीतपेटींत राहतो. त्यानें चव बिघडत नाहीं, उलट थोडी वाढते.