चिलखतातले बीएक्स

न्यूयॉर्कमधल्या शंभरीला टेकलेल्या घराची भिंत फोडली, की आत हमखास बीएक्स भेटतात, म्हणजे जुनी चिलखती वीजवायर. मधे दोन तारा, त्यांवर रबर आणि सुती वीण, आणि सगळ्यावर मळसूत्री गुंडाळलेली पोलादी पट्टी. त्याच काळात इतर घरांत चिनीमातीच्या गट्टूंवरून सुट्या तारा खेचून काम भागत होतं. हे चिलखत चढवून आले. उंदरांनी दात झिजवले, आतलं रबर वाळून कडक झालं, पण बाहेरून ऐट कायम.

त्यांच्या उमेदीत सॉकेटला दोनच चिरा असत. अर्थिंग कुणी मागितलंच नाही. पुढे तिसरं भोक आलं आणि सगळ्यांच्या नजरा या चिलखताकडे वळल्या. पॅनेलपर्यंत सलग गेलेलं एवढं लोखंड अंगावर आहे, मग यांनाच अर्थिंग करा की! बीएक्स नाही म्हणत नाहीत. टेस्टर लावला, तर त्याचे दिवेही ‘ठीक’ सांगतात. चिमूटभर करंटापुरतं ते खरंही असतं.

कस लागतो तो फेजची तार सॉकेटच्या लोखंडी डब्याला टेकते तेव्हा. १५ अँपिअरचा ब्रेकर झटक्यात पडायचा, तर करंट धो धो वाहायला हवा. इथे पट्टीचे वेढे एकमेकांना नुसते टेकलेले, मधे गंज. करंट वेढ्यावेढ्यातून गोल फिरत अडखळतो. ब्रेकरला पत्ता नसतो आणि चिलखत तापत जातं, कधी लालबुंद होतं; तेही लाकडी भिंतीत. १९५९पासूनच्या पिढीने आत अ‍ॅल्युमिनिअमची बारीक पट्टी बाळगली. ती सगळ्या वेढ्यांना लागून जाते आणि करंटला सरळ वाट देते.

म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन वीज बंद करून आधी ही पट्टी शोधतो. नसेल तर नवी वायर ओढतो, किंवा जीएफसीआय सॉकेट बसवतो. हे सॉकेट गेलेला आणि परतलेला करंट ताडून बघतं, पाचेक मिलिअँपिअरची तूट दिसली की वीज तोडतं. त्याला अर्थिंग लागत नाही. मग तिसरं भोक चालतं, पण नियमाप्रमाणे वर चिठ्ठी हवी: ‘नो इक्विपमेंट ग्राउंड’. शॉकपासून माणूस बचावतो. सर्ज प्रोटेक्टरला हवं असलेलं अर्थिंग मात्र मिळत नाही.

चिठ्ठीने बीएक्सची अब्रू जात नाही. तारा सांभाळायचं काम त्यांनी पत्करलं होतं, ते चोख केलं. अर्थिंगची नोकरी लोकांनी मागाहून त्यांच्या गळ्यात मारली.