खाच

१९९२ साली मामा मस्कतहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून साबणाच्या वड्या, आईची साडी आणि अगदी तळातून एक राखाडी ठोकळा निघाला. गेम बॉय. सोबत टेट्रिसची कॅसेट. आत फीत नाही की चकत्या नाहीत. पण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी सोलापुरात तेव्हा भाड्याने मिळत, त्यांच्याच नात्यातली म्हणून आम्ही हिलाही कॅसेटच म्हणू लागलो.

खेळापेक्षा मला ती बसवण्याचंच वेड. यंत्राच्या पाठीत वरच्या अंगाला खाच होती. कॅसेट सरकवली की शेवटी किंचित अडायची, अंगठ्याने दाबली की टक्. वरचं बटण सरकवलं की आतून प्लास्टिकची जीभ येऊन कॅसेटच्या कोपऱ्यातल्या कापात बसायची. आता ओढून दाखवा! आमच्या वाड्याच्या दाराला आडणा होता, तसाच हा.

पुढे कळलं, की पडद्यावर वरून हळूहळू उतरणारं कंपनीचं नाव यंत्र कॅसेटमधून वाचतं आणि स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून बघतं. जुळलं तर टिंग आणि खेळ सुरू. नाही जुळलं तर सगळं तिथंच ठप्प. खाच रिकामी असली तर नावाच्या जागी नुसती काळी पट्टी उतरते. उन्हाळ्यात धुळीने आमच्याकडे भरल्या खाचेतूनही पट्टीच उतरायची. मग कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची.

यंत्राला चार पेन्सिल सेल लागत, आणि त्यांचा हिशेब आईकडे. दुपारी आम्ही शाळेत असताना तीच खेळायची, हे सेल लवकर संपू लागले तेव्हा उघड झालं. पोळ्या लाटताना ती टेट्रिसची धून गुणगुणायची. ते फेरीवाल्यांचं रशियन लोकगीत आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. टेट्रिसच्या कॅसेटला आठवण नाही. यंत्र बंद केलं की गुण पुसले. म्हणून आई आपले गुण कालनिर्णयावर लिहायची, दुधाच्या खाड्यांशेजारी. पडद्याला दिवा नव्हता. लाइट गेली की ती कंदील जवळ ओढायची, आणि आम्हाला मात्र डोळे बिघडतील म्हणून दटावायची.

हे यंत्र कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांच्या हाताखाली घडलं आणि १९८९मध्ये जपानात विक्रीला आलं. जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, ही त्यांची रीत. त्या काळात सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता. पण त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. आईने योकोईंचीच बाजू घेतली असती.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी घेतला. तो २००३चा. डब्यासारखा मिटणारा, आत दिवा असलेला. खाच पाठीवरून खालच्या कडेला, पोटाशी आली होती. नव्या कॅसेटी जुनीच्या निम्म्या उंचीच्या, त्यामुळे माझी टेट्रिस अर्धी बाहेर लोंबायची. पण चालायची! खाचेत एक बारीक कळ असते. जुनी कॅसेट ती दाबते, नव्या कॅसेटींचे कोपरे कापलेले असल्याने कळ सुटी राहते. कळ दाबली गेली की यंत्र ३.३ऐवजी ५ व्होल्ट देतं आणि जुन्या पद्धतीचा आठ बिटांचा प्रोसेसर कामाला लागतो. पाहुणा कोण ते बघून पाट मांडायचा, असंच हे. नव्या यंत्राने जुन्यासाठी एवढी तजवीज पोटात ठेवावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढच्या घरात पाट उचलले गेले. याच कंपनीच्या २००६च्या डीएस लाइटला खाचा दोन. एक पोस्टाच्या तिकिटाएवढ्या नव्या कार्डांसाठी, दुसरी अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटींसाठी. टेट्रिस तिच्यात शिरेना. शिरली असती तरी आत तिची भाषा समजणारं कोणी उरलं नव्हतं. रिकाम्या दुसऱ्या खाचेला प्लास्टिकचं बूच यायचं. २००८च्या डीएसआयमध्ये ती खाचच गेली. यंत्र आणखी सडपातळ झालं म्हणे. होऊ दे. डीएसआय मी घेतला नाही.

गेल्या दिवाळीत एसपी घेऊन सोलापूरला गेलो. टेट्रिस घातली. काळी पट्टी. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवू लागलो.

"फुंक मार की," आई म्हणाली.

"आई, फुंकेतल्या ओलाव्याने टोकं गंजतात."

तिने यंत्र हातातून घेतलं, कॅसेट काढली, फुंकर मारली, अंगठ्याने दाबली. नाव उमटलं. टिंग.

"अगंबाई, दिवा आहे होय याला!" म्हणत ती चष्मा सावरून पलंगावर टेकली. मी कालनिर्णयाजवळची पेन्सिल शोधू लागलो.